आर्किटेक्ट शोधपत्रकारितेत नेमकं काय करतो? शिनजियांगच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲलिसन किलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या, माणसं डांबून ठेवण्याच्या छावण्या कशा शोधल्या, यावर आर्किटेक्चरचे विद्यार्थी, पत्रकार आणि इतर वाचक पुन्हा पुन्हा काही ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲलिसन किलिंग या आर्किटेक्ट की पत्रकार?

दोन्ही, पण आधी आर्किटेक्ट. त्या मूळच्या ब्रिटिश. रीतसर परवाना असलेल्या वास्तुविशारद. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला त्यांनी 'किलिंग आर्किटेक्ट्स' हा स्टुडिओ चालवला. इमारती बांधण्याबरोबरच नकाशे, शहरं आणि स्थलांतर यांवर त्यांचं काम आधीपासून होतं. युरोपकडे निघालेल्या स्थलांतरितांचा प्रवास नकाशावर उलगडणारा 'मायग्रेशन ट्रेल' हा प्रकल्प त्यांचाच. त्यामुळे शिनजियांगकडे त्या वळल्या, तेव्हा नकाशातून गोष्ट सांगणं त्यांना नवं नव्हतं.

२. शिनजियांगमध्ये त्यांनी काय शोधून काढलं, ते थोडक्यात सांगाल का?

चीन सरकारने २०१७ पासून उईगुर, कझाक आणि इतर मुस्लिम समाजांतल्या लोकांना मोठ्या संख्येने डांबायला सुरुवात केली. हे लोक नेमके कुठे ठेवले आहेत, अशा किती जागा आहेत आणि त्या तात्पुरत्या आहेत की कायमच्या, हे बाहेरच्या जगाला नीट माहीत नव्हतं. किलिंग, पत्रकार मेघा राजगोपालन आणि प्रोग्रॅमर क्रिस्टो बुशेक या तिघांनी मिळून त्याचा माग काढला. 'बझफीड न्यूज' या अमेरिकन वृत्त-संकेतस्थळाने २७ ऑगस्ट २०२० रोजी पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला. २०१७ नंतर नव्याने बांधलेली, तुरुंगाच्या धाटणीची २६८ तटबंद आवारं त्यात होती. प्रांतातल्या जवळपास प्रत्येक काउंटीत (आपल्याकडच्या तालुक्यासारखा प्रशासकीय भाग) असं निदान एक तरी आवार होतं.

३. पत्रकाराने थेट तिथे जाऊन पाहायचं, उपग्रहाची छायाचित्रं कशाला?

कारण जाऊ दिलं जात नव्हतं. राजगोपालन या भारतीय वंशाच्या अमेरिकन पत्रकार. २०१७ मध्ये त्या शिनजियांगमधल्या काशगर शहरातल्या एका छावणीपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि तेव्हा चीन सरकार अशा जागा असल्याचंच नाकारत होतं. पुढच्या वर्षी त्यांना चीनमध्ये राहण्यासाठीचा व्हिसा नाकारला गेला. मागे राहिलेल्या इतर परदेशी वार्ताहरांवर शिनजियांगमध्ये पाळत असे, रस्ते अडवले जात आणि त्यांच्याशी बोलणारा स्थानिक माणूस संकटात येई.

राजगोपालन आणि किलिंग यांची ओळख एका कार्यशाळेत झाली. एकीकडे त्या प्रांताची खडानखडा माहिती असलेली, पण दार बंद झालेली पत्रकार. दुसरीकडे आत पाऊल न टाकता आवार वाचता येणारी आर्किटेक्ट. हा जोड जमला नसता, तर हे काम झालंच नसतं असं मला ठामपणे वाटतं.

४. बायडूच्या नकाशातले ते राखाडी चौकोन म्हणजे काय प्रकरण आहे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

इंटरनेटवरचा कुठलाही नकाशा म्हणजे एक सलग चित्र नसतं. न्हाणीघरातल्या फरश्यांसारखे छोटे छोटे चौकोन एकमेकांना जोडून तो बनतो, आणि त्यांना म्हणतातही टाइल्सच. तुम्ही झूम केलं की आधीच्या टाइल्स जातात आणि जास्त तपशिलाच्या नव्या येतात.

बायडू ही चीनमधली बडी सर्च कंपनी. तिचेही नकाशे आहेत आणि त्यात उपग्रह छायाचित्रांचा थर आहे. छावणी असल्याचं आधीपासून जाहीर असलेली एक जागा किलिंग बायडूवर पाहत होत्या. झूम करताना त्या जागेवर क्षणभर एक फिकट राखाडी चौकोन उमटला आणि आणखी आत गेल्यावर नाहीसा झाला. एखादी टाइल लोड व्हायला उशीर लागला की असं काहीतरी दिसतंच, त्यामुळे दुसऱ्या कोणी ते सोडून दिलं असतं. त्यांनी तीच कृती पुन्हा केली. चौकोन पुन्हा उमटला. मग त्यांनी माहीत असलेल्या इतर छावण्या एकेक करून तपासल्या. तिथेही तेच.

म्हणजे ती जागा त्या ठरावीक झूमवर मुद्दाम झाकलेली होती. मेख अशी की जे झाकलं, त्यानेच पत्ता सांगितला. गूगल अर्थवर किंवा इतर उपग्रहांच्या छायाचित्रांत तीच जागा उघडी दिसत होती. शोधायचं कुठे एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर बायडूच्या राखाडी चौकोनांची यादी देणार होती. कंपनीच्या लक्षात येऊन हे बंद होण्याआधी सगळे चौकोन नोंदवून ठेवणं गरजेचं होतं, म्हणून ते काम घाईने उरकावं लागलं.

५. चौकोन सापडला म्हणजे छावणी सापडली, असं का?

मुळीच नाही. लष्करी तळ, वीजकेंद्रं, खाणी, काही कारखाने असं बरंच काही बायडूवर झाकलेलं आहे. शिनजियांगमध्ये असे सुमारे ५० लाख चौकोन निघाले. ५० लाख ठिकाणं डोळ्यांनी तपासणं तीन माणसांच्या आवाक्यातलं नाही.

इथे बांधकामाची समज कामी आली. हजारो माणसांना डांबायची जागा वाळवंटात कुठेही उभी राहत नाही. सिमेंट आणि सळ्या न्यायला ट्रकचा रस्ता लागतो. वीज लागते, पाणी लागतं, सांडपाण्याची सोय लागते. पहारेकरी रोज घरून येणार आणि स्वयंपाकाचं सामान रोज पोहोचणार, म्हणजे गाव जवळ हवं. गावं, मोठे रस्ते आणि इतर पायाभूत सोयींच्या जवळपासचे चौकोन ठेवले आणि बाकीचे वगळले. उरले सुमारे ५०,०००. ते भराभर पाहून वर्गवारी करता यावी म्हणून बुशेक यांनी साधनं तयार केली. पुढची चाळणी माणसाच्या डोळ्यांनीच झाली.

६. उंच कंपाउंड वॉल तर शाळेला, गोदामाला, सरकारी कचेरीलाही असते. हा तुरुंगच आहे हे कशावरून?

एका खुणेवरून कधीच नाही. खुणा एकत्र वाचाव्या लागतात.

शिनजियांगमध्ये भिंत असलेली आवारं ठायी ठायी आहेत, म्हणून नुसती भिंत काहीच सांगत नाही. पाहायचं ते भिंत किती जाड आहे, आणि तिच्या आत दुसरं कुंपण आहे का. भिंतीत चिणून घेतलेले टेहळणीचे मनोरे आहेत का. पहिल्या वृत्तान्तातल्या १२१ आवारांत असे मनोरे दिसत होते. मग आतलं अंगण. शाळेचं अंगण मोकळं असतं, कारण मुलांनी तिथे पळावं अशी अपेक्षा असते. इथे अंगणात काटेरी तारांचे कोंडवाडे आणि दोन इमारतींना जोडणाऱ्या तारांच्या गल्ल्या दिसतात. एका दारातून निघालेला माणूस फक्त दुसऱ्या दारापर्यंतच जाऊ शकेल, अशी ती आखणी असते.

आर्किटेक्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हेच गिरवतो. माणूस कुठून आत येईल, कुठे वळेल, कुठे थांबेल, कोण कोणाला पाहू शकेल. प्लॅन काढताना जे ठरवायचं असतं, तेच इथे उलट्या दिशेने वाचायचं. बांधणाऱ्याने काय मनात धरलं होतं, ते भिंतींच्या मांडणीतून उमगतं.

७. उपग्रह छायाचित्रं वाचणारे तज्ज्ञ जगात आहेतच. मग आर्किटेक्टच कशाला हवा होता?

रणगाडे, विमानं, क्षेपणास्त्रं ओळखणारे तज्ज्ञ आहेत. इमारतीचा वापर ओळखणं वेगळं. त्यासाठी बांधकामाचा क्रम माहीत असावा लागतो. पाया खणला की किती दिवसांत चौथरा येतो, स्लॅब कधी पडतो, हे ठाऊक असलं की एकाच जागेची वेगवेगळ्या महिन्यांतली छायाचित्रं लावून काम कधी सुरू झालं आणि इमारत कधी वापरात आली, हे सांगता येतं.

तारखांचं महत्त्व किती, ते पाहा. शिनजियांगच्या सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं की 'प्रशिक्षण केंद्रां'तल्या (छावण्यांना सरकार हेच नाव देतं) सगळ्यांचं शिक्षण पुरं झालं आहे. छायाचित्रांत मात्र त्यानंतरही नव्या तटबंद आवारांची कामं चालूच दिसत होती. सुरुवातीच्या काळात शाळा आणि दवाखाने ताब्यात घेऊन तारा ठोकल्या होत्या. नंतर मोकळ्या जमिनीवर खास डांबून ठेवण्यासाठी पक्की बांधकामं झाली. हा बदल सरकारचा इरादा सांगतो. तात्पुरत्या गोष्टीसाठी कोणी एवढं काँक्रीट ओतत नाही.

८. वरून घेतलेल्या फोटोत मजले दिसत नाहीत. मग आत किती माणसं मावतील, हे कसं काढलं?

सावलीवरून. छायाचित्राची तारीख आणि वेळ माहीत असली की त्या जागी सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर होता ते कळतं. सावलीची लांबी मोजायची आणि शाळेतल्या त्रिकोणमितीने उंची काढायची. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली जेवढी लांब, तेवढीच इमारत उंच. १३ मीटर सावली पडली आणि एक मजला सव्वातीन मीटरचा धरला, तर चार मजले.

इमारतीने व्यापलेली जागा गुणिले मजले म्हणजे एकूण बांधीव क्षेत्र. त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एका कैद्यामागे किती जागा असावी, याचे चीन सरकारचे स्वतःचे तुरुंग-बांधकामाचे निकष आहेत. बाहेरचं कुठलंही गृहीतक न वापरता त्याच निकषांनी भागाकार केला. जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हिशेबानुसार तोवर सापडलेल्या ३४७ आवारांत मिळून एका वेळी १० लाखांहून अधिक माणसं डांबण्याची सोय होती. म्हणजे प्रांतातल्या दर २५ माणसांमागे एका माणसाची.

हा आकडा क्षमतेचा आहे. त्या दिवशी आत किती माणसं होती, ते तो सांगत नाही. सुटून आलेल्यांनी खोल्या खचाखच भरल्याचं सांगितलं आहे, त्यामुळे निकषांवर बेतलेला हिशेब वाढीव म्हणता येणार नाही.

९. छपराखाली काय चाललं होतं, ते उपग्रहाला कसं दिसणार?

दिसत नाही. तिथे माणसांचं सांगणंच लागतं. राजगोपालन यांनी शिनजियांगमधून सुटून बाहेर पडलेल्या दोन डझनांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातले बरेच जण कझाकस्तानात पोहोचलेले होते.

या दोन गोष्टी कशा जुळतात, हे कझाकस्तानच्या सरहद्दीजवळच्या मोंगोलकुरे इथल्या छावणीच्या कामात दिसतं. तिथे राहून आलेल्या माणसांच्या आठवणी आणि छायाचित्रांतून मोजलेली मापं एकत्र करून त्या आवाराचं त्रिमिती मॉडेल उभं केलं. आर्किटेक्ट घरमालकाशी बोलतो तेव्हा 'खोली केवढी?' असं विचारून भागत नाही. 'पलंग किती होते, दोन पलंगांमधून चालता येत होतं का, दार कुठल्या बाजूला उघडायचं?' असं विचारावं लागतं. साक्षीदाराशीही असंच बोललं की आठवणींना मापं मिळतात, आणि ती मापं बाहेरून दिसणाऱ्या भिंतींशी ताडून पाहता येतात.

कारखान्यांचा शोध मात्र छपरांमुळेच लागला. राहण्याच्या इमारती काँक्रीटच्या. कारखान्यांच्या शेड लांबुळक्या, लोखंडी सांगाड्याच्या, वर बहुधा गडद निळे पत्रे. १३५ आवारांत अशा शेड सापडल्या, एकूण २ कोटी १० लाख चौरस फुटांहून जास्त. सक्तीच्या मजुरीचा प्रश्न त्यातून पुढे आला.

१०. हे सगळं अंदाजपंचे नाही कशावरून? चीन सरकारचं म्हणणं काय?

चीन सरकारची भूमिका अशी की ही व्यवसाय-प्रशिक्षणाची केंद्रं होती आणि अत्याचाराचे आरोप खोटे आहेत. वृत्तान्तात ही बाजूही दिलेली आहे.

खात्रीचं म्हणाल तर, कोणती गोष्ट किती पक्की आहे हे त्या तिघांनी लपवलं नाही. २६८ पैकी ९२ आवारांना दुसरीकडून दुजोरा होता. कुठे सरकारी निविदांची कागदपत्रं, कुठे अभ्यासकांचं संशोधन, तर १९ ठिकाणी पत्रकारांनी प्रत्यक्ष दिलेली भेट. उरलेली १७६ केवळ छायाचित्रांवरून ठरवली होती, आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. असे आकडे वेगवेगळे मांडायला धाडस लागतं. सरसकट २६८ म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

पुढे ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानेही अहवाल दिला. शिनजियांगमध्ये झालेली धरपकड आणि डांबणूक मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकते, असं त्यात म्हटलं आहे.

११. या कामाला पुलित्झर पुरस्कार मिळाला; पण पुलित्झर तर पत्रकारांना मिळतं ना?

ते पत्रकारितेतल्या कामाला मिळतं. २०२१ चं आंतरराष्ट्रीय वार्तांकनाचं पुलित्झर राजगोपालन, किलिंग आणि बुशेक या तिघांना मिळून मिळालं, आणि निवडीच्या शब्दांत उपग्रह छायाचित्रांबरोबर वास्तुशास्त्रीय जाणकारीचाही उल्लेख होता. 'बझफीड न्यूज'चं ते पहिलंच पुलित्झर. ती वृत्तशाखा २०२३ मध्ये बंद झाली.

१२. लंडनची 'फॉरेन्सिक आर्किटेक्चर' ही संस्था आणि हे काम एकच का?

नाही, पण घराणं एक म्हणता येईल. आयाल वाइझमन या आर्किटेक्टने २०१० मध्ये लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात ती संस्था सुरू केली. छावण्यांच्या शोधात प्रश्न होता 'कुठे आणि किती?'. या संस्थेच्या कामात बहुतेकदा प्रश्न असतो 'त्या क्षणी त्या जागी काय घडलं?'.

त्यांचं कासेलचं काम अवश्य पाहावं. ६ एप्रिल २००६ रोजी जर्मनीतल्या कासेल शहरात हालित योझगात या तरुणाचा नवनाझी टोळीने त्याच्याच इंटरनेट कॅफेत खून केला. त्या सुमारास सरकारी गुप्तचर खात्याचा एक अधिकारी कॅफेत होता. आपण गोळीचा आवाज ऐकला नाही आणि काउंटरमागे पडलेला देहही पाहिला नाही, असं त्याने सांगितलं. ७७ चौरस मीटरचा तो कॅफे संस्थेने २०१७ मध्ये पूर्ण मापात उभा केला. त्या अधिकाऱ्याच्या उंचीच्या नजरेला काउंटरमागचं काय दिसतं, आवाज किती पोहोचतो, हे त्यात तपासलं. त्याचं सांगणं पटण्यासारखं नाही, या निष्कर्षाला ते आले.

सीरियातल्या सैदनाया तुरुंगाचं काम 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल'बरोबर २०१६ मध्ये झालं. कैद्यांचे डोळे बांधलेले असत किंवा त्यांना अंधारात ठेवलेलं असे, म्हणून इमारतीचं मॉडेल त्यांना आठवणाऱ्या आवाजांवरून रचावं लागलं.

१३. ही छायाचित्रं मला फुकट पाहता येतील का?

हो. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची छायाचित्रं मागे सरकवत पाहता येतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं मोफत आहेत आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं मिळतं, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. नवं बांधकाम सुरू झालं एवढं त्यात कळेल, काटेरी तार नाही. शिनजियांगच्या कामात या दोन्हींबरोबर 'प्लॅनेट लॅब्स' या कंपनीची छायाचित्रंही वापरली.

चीनच्या नकाशांवर काम करणार असाल तर एक अडचण ध्यानात ठेवा. तिथल्या कायद्यामुळे नकाशांतले अक्षांश-रेखांश मुद्दाम सरकवलेले असतात, आणि बायडूची सरकवण्याची रीत आणखी वेगळी आहे. आकडे जसेच्या तसे गूगल अर्थमध्ये टाकले तर काहीशे मीटर भलतीकडे पोहोचाल.

१४. महाराष्ट्रात असं काम करता येईल का?

करता येईल. आपल्याकडे तर ताडून पाहायला कागदही मिळतात. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे असतात, शहराचा डीपी (विकास आराखडा) जाहीर असतो, बाकीचं माहिती अधिकारात मागता येतं. मंजूर काय झालं आणि उभं काय राहिलं, यातली तफावत आर्किटेक्टला चटकन दिसते. मैदानाच्या आरक्षणावर गोदाम, डोंगर कापून काढलेला प्लॉट, भराव टाकून आक्रसलेली खाडी. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवण्याचे आणि तिच्या ५० मीटरच्या आत बांधकाम न करण्याचे आदेश दिले. भराव त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे जुनी छायाचित्रं सांगतात. नकाशे आणि भू-माहितीवरचे बरेच निर्बंध केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये सैल केले. इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं पोर्टलही हाताशी आहे.

ड्रोन उडवायचा असेल तर मात्र नियम वेगळे आहेत, ते आधी वाचा.

१५. मी बी.आर्क.ला आहे. यासाठी वेगळं काय शिकू?

क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करण्याचं मोफत सॉफ्टवेअर, थोडं प्रोग्रॅमिंग, आणि मुलाखत घेण्याची सवय. स्केल, सेक्शन, सावली हे तुम्हाला येतंच. सगळ्यांत गरजेचं म्हणजे त्या भागाची माहिती असलेला पत्रकार जोडीदार (प्रश्न ३).

१६. एखादी जागा सापडली तर ती सरळ प्रसिद्ध करावी का?

आधी विचार करा की त्यामुळे कोणाचा जीव धोक्यात येईल. इमारतीला धोका नसतो, तिच्याबद्दल बोललेल्या माणसाला असतो. साक्षीदाराने सांगितलेली खोली इतकी नेमकी काढली की ती कोणी सांगितली हे पहारेकऱ्यांना ओळखता येईल, असंही होऊ शकतं. परदेशात सुखरूप असलेल्या साक्षीदाराचे नातेवाईक मागे राहिलेले असतात. अशा वेळी मॉडेलमधला तपशील कमी करावा, आणि तो का कमी केला हे वाचकाला सांगावं.

१७. पद्धत जाहीर केल्यावर बायडूने ती फट बुजवली तर? मग पुढे काय?

ती फट कधीतरी बुजणारच होती, म्हणूनच यादी आधी गोळा केली (प्रश्न ४). पद्धत उघड केल्याने इतरांना ती तपासता आली, आणि त्याशिवाय असल्या आरोपाला वजन येत नाही.

शिवाय राखाडी चौकोन फक्त शोधाची सुरुवात होते. एकदा जागा कळली की बायडूची गरज उरत नाही. इतर उपग्रह त्या आवारावरून जात राहतात. अंगणातल्या तारा काढल्या तर काढल्याची तारीख मिळते. मनोरे पाडले, नवी शेड घातली, भिंत वाढवली, तर त्याचीही मिळते.